तान्ह्या बाळाचा चिघळलेला लाल डाग : लेसर आधी की औषध आधी?

शेवंती
जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत उगवतो आणि बघता बघता फुगतो तो लालभडक डाग म्हणजे हिमँजिओमा. शंभरात चार-पाच बाळांना होतो. मुलींना, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त. बहुतेक डाग वर्षभरानंतर आपोआप विरू लागतात, त्यामुळे 'हात लावू नका, जाईल' हा सल्ला चुकीचा नाही. हा धागा मात्र न थांबता चिघळणाऱ्या डागांसाठी आहे. ओठ, मानेची वळी, काख, जांघ, शी-शूची जागा इथे वरची कातडी फाटते, लस वाहते आणि बाळ प्रत्येक लंगोट बदलताना किंचाळतं.

माझं मत असं की अशा जखमेवर लेसर हा पहिला उपाय नव्हे. तरी पहिला प्रश्न नेमका तोच येतो, 'लेसर कुठे करून मिळेल?' माहीतगारांनी सांगावं : उघड्या जखमेवर लेसर मारल्यावर ती भरते कशी? कोणता लेसर, किती ताकदीचा, किती वेळा? काय बिघडतं? अनुभवकथन नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. इथे तपशील हवेत.

जिरेसाळ
वाखूसा (वाचनखूण साठवली). पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवला आहे.

कातडीबचाव
लेसरकडे वळण्याआधी निदान नीट करून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये या डागांची दोन घराणी वेगळी केली. हिमँजिओमा ही पेशींची खरोखरची वाढ असते. ती फुगते, थांबते आणि विरते. दुसरं घराणं रक्तवाहिन्यांच्या घडणीतल्या दोषाचं. पोर्ट वाइन डाग त्यातला. तो जन्मतःच असतो, सपाट असतो, बाळ वाढेल तसा वाढतो, आयुष्यभर राहतो आणि तान्हेपणी सहसा चिघळत नाही. पोर्ट वाइनला लेसर हाच मुख्य उपाय. तोच नियम लोक हिमँजिओमाला लावतात आणि 'लाल डाग म्हणजे लेसर' असं समीकरण तयार होतं.

हिमँजिओमाचा सगळ्यात जोराचा काळ म्हणजे वयाचे साडेपाच ते साडेसात आठवडे. तीन महिन्यांपर्यंत तो आपल्या शेवटच्या आकाराच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. आणि आपल्याकडे सहाव्या आठवड्याच्या लसीला आलेल्या आईला 'तीन महिन्यांनी दाखवा' म्हणून परत पाठवतात. म्हणजे पूर ओसरल्यावर पंचनामा.

चिघळण्याआधी एक खूण दिसते. लाल डागाच्या मध्यावर पांढरट-करडी झाक येते, जणू कोणी राखेचं बोट ओढलंय. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात ही झाक दिसली तर 'डाग विरायला लागला' म्हणून आनंद मानू नका. विरण्याची करडी झाक वर्षाच्या आसपास येते. लवकर आलेली झाक म्हणजे कातडी फाटायच्या बेतात आहे.

विदाखोर
आकडे ठेवतो, मग भांडू.

२००७ च्या मोठ्या पाहणीत १०९६ बाळांपैकी १७३ जणांचे डाग चिघळले होते, म्हणजे १५.८ टक्के. चिघळण्याचं मध्य वय ४ महिने. ही सगळी विशेष केंद्रांकडे पाठवलेली बाळं होती हे ध्यानात ठेवा. गल्लीतल्या सगळ्या बाळांत प्रमाण यापेक्षा कमीच असणार.

लेसरचं म्हणाल तर चिघळलेल्या डागांवर डाय लेसर (पिवळ्या प्रकाशाचा, रक्तवाहिन्यांवर मारायचा) वापरल्याचा अहवाल १९९१ पासून आहे. २००३ मध्ये ७८ बाळांची मालिका आली. ९१ टक्क्यांत सुधारणा, सरासरी २ सत्रं. ऐकायला झकास, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. जखम मलमपट्टीने किती भरली असती ते त्यातून कळत नाही.

उलट २००२ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला प्रयोग चिठ्ठ्या टाकून केलेला होता. १ ते १४ आठवड्यांची १२१ बाळं, डाग न चिघळलेले. वर्षभरानंतर डाग गेला किंवा जेमतेम उरला अशी बाळं लेसर गटात ४२ टक्के आणि नुसत्या वाट पाहण्याच्या गटात ४४ टक्के. वर लेसर गटात कातडी पातळ होणं आणि पांढरे चट्टे जास्त. तेव्हा न चिघळलेल्या डागावर 'आत्ताच मारून टाकू' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आजीचा_बटवा
ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं की लास येते म्हणतात, त्याचं काय?

जिरेसाळ
मग शंभरात पाच बाळं म्हणजे महिन्याला दोन ग्रहणं धरा.

कातडीबचाव
आजीचा_बटवा, ग्रहणाचा संबंध नाही. पण विचारलंत ते बरं केलंत, कारण या समजुतीपायी सुनेला बोल लावले जातात आणि डाग झाकून ठेवला जातो. बाळाला दाखवायला उशीर होतो तो असा.

सोडियमदिवा
शेवंती, तुमचा 'कोणता लेसर' हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'लेसर' हे एका यंत्राचं नाव नाही. 'गाडी' म्हणाल तर त्यात रिक्षाही आली आणि रोडरोलरही.

रक्तातलं ऑक्सिजनभरलं हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश जोरात शोषतं. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेलं तत्त्व असं : लक्ष्याला आवडणारा रंग निवडा आणि लक्ष्य थंड व्हायला जितका वेळ घेतं त्याहून कमी वेळात ऊर्जा टाका. मग शेजारचं मांस भाजत नाही. ५० मायक्रॉन जाडीची रक्तवाहिनी थंड व्हायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. म्हणून पल्स्ड डाय लेसरचे झटके ०.४५ ते १.५ मिलिसेकंदांचे ठेवतात. पुढे ५७७ वरून ५८५ आणि ५९५ वर गेले, कारण जरा लांब लहर थोडी खोल जाते. तरी 'खोल' म्हणजे जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. डागाचा गाभा सेंटिमीटरभर खाली असेल तर त्याला या प्रकाशाची खबरही लागत नाही.

आता बाकीची यंत्रं. केस काढायचा डायोड ८०० ते ८१० च्या आसपास, त्याचं लक्ष्य केसातलं काळं रंगद्रव्य. एनडी-याग १०६४, पाच-सहा मिलिमीटर खोल जातो, पण भाजण्याची आणि व्रण पडण्याची जोखीम बरीच जास्त. उघड्या जखमेवर तर नकोच. कार्बन डायऑक्साइड लेसर १०,६०० चा, तो पाण्यात शोषला जातो म्हणजे सरळ कापतो. दवाखान्याच्या पाटीवर 'लेसर' एवढंच लिहिलेलं असतं. फोनवर विचारायचा प्रश्न एकच, 'डाय लेसर आहे का, ५८५ किंवा ५९५ चा?' समोरून 'आमच्याकडे सगळे लेसर आहेत' असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

शेवंती
सोडियमदिवा, सोडियमच्या दिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे तुम्ही अगदी मध्यावर.

सोडियमदिवा
कोणाच्या तरी लक्षात आलं!

खलबत्ता
लेसरची गाडी पुढे जाण्याआधी औषधावर. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे स्टिरॉइडवर असलेल्या एका बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला म्हणून प्रोप्रॅनोलॉल हे हृदयासाठीचं बीटा-ब्लॉकर औषध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी नाकावरचा लालबुंद हिमँजिओमा जांभळट आणि मऊ पडला. तिथून सगळं बदललं. २०१५ च्या प्रयोगात किलोला रोज ३ मिलिग्रॅम, सहा महिने दिलेल्या गटात ६० टक्के बाळांचा डाग गेला किंवा जवळपास गेला. औषध नसलेल्या गटात ४ टक्के.

चिघळलेल्या डागात मात्र पूर्ण मात्रेवर उडी मारायची नाही. सुरुवातीला जोरात दिल्यास जखम वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून बरेच तज्ज्ञ किलोला दिवसाला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीवर सुरू करून हळूहळू चढतात. ५ किलोचं बाळ धरा. दिवसाला ५ मिलिग्रॅम, दोन भागांत म्हणजे वेळेला अडीच. आपल्याकडे बहुतेकदा गोळी विरघळवून देतात. १० मिलिग्रॅमची एक गोळी बारीक करून १० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, त्यातले अडीच सुईविना सिरिंजने. चुका इथेच होतात. दुकानात १० ची संपली म्हणून ४० ची पट्टी देतात आणि घरी 'एक गोळी, १० मिलिलिटर' हे गणित तसंच राहतं. चौपट मात्रा! पट्टीवरचा आकडा दर वेळी वाचा. खाली बसलेला चुरा हलवून मगच ओढा. उरलेलं पाणी संध्याकाळसाठी ठेवू नका.

हे गणित समजावं म्हणून लिहिलंय, घरी सुरू करण्यासाठी नव्हे. पहिल्या मात्रेनंतर एक आणि दोन तासांनी नाडी आणि रक्तदाब बघतात. मात्रा मोठी वाढवली की पुन्हा. फार लहान, दोन किलोंखालची किंवा दम्यासारखी घरघर असलेली बाळं, मंद नाडी, हृदयाचा अडथळा, यांत देत नाहीत.

आणि उपाशीपोटी कधीही नाही. या औषधाने साखर उतरते, आणि साखर उतरल्याची धडधड, थरथर हेच औषध लपवतं. घाम मात्र लपत नाही. बाळ थंडगार, घामेजलेलं, लुळं वाटलं तर आधी दूध, मग गाडी. ओकारी, जुलाब, दूध न घेणं, छातीत घरघर, यांपैकी काही असेल तर त्या वेळचा डोस चुकवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. सहा आठवड्यांखालच्या बाळाला चार तासांपेक्षा, चार महिन्यांपर्यंत पाच तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नये. रात्री 'झोपलंय तर झोपू दे' हे या काळात चालत नाही.

थेम्सकाठी
खलबत्ता यांना अनुमोदन, आणि एक भर. परदेशातून तयार बाटली घेऊन भारतात येणाऱ्यांनी लेबल दोनदा वाचावं. या डागासाठीच्या तयार औषधात मिलिलिटरला ४.२८ मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइड, म्हणजेच ३.७५ मिलिग्रॅम मूळ प्रोप्रॅनोलॉल असतं. अमेरिकेत एक आकडा छापतात, युरोपात दुसरा, औषध तेच. त्यामुळेच एका कागदावर किलोला ३ आणि दुसऱ्यावर ३.४ असं लिहिलेलं दिसतं. दोन्ही बरोबर. शिवाय इंग्लंडात ५ मिलिलिटरला ५, १०, ४० आणि ५० मिलिग्रॅम अशा चार ताकदींची साधी द्रावणं मिळतात. 'अर्धा चमचा द्या' असं फोनवर आजीला सांगणं म्हणजे दहापट चुकीला आमंत्रण. नेहमी मिलिग्रॅममध्ये बोला, मग मिलिलिटर काढा.

विदाखोर
झालं की मग. औषध आहे, चालतं. लेसरचा धागा बंद करा.

कातडीबचाव
विदाखोर, घाई नको. ज्यांना बीटा-ब्लॉकर देता येत नाही अशी बाळं आहेत. पातळ, वरवरचा डाग आणि वर रुपयाएवढी जखम, जिच्यासाठी सहा महिने पोटातलं औषध म्हणजे डासाला तोफ, अशी आहेत. औषध सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, गाभा मऊ पडला, पण जखमेचं तोंड बंद होत नाही अशीही आहेत. आणि दुखणं. डाय लेसरनंतर कित्येक बाळांचं रडणं काही दिवसांतच कमी होतं, जखम भरायच्या आधीच. ते का, याचं सर्वमान्य एकच उत्तर नाही. वरवरच्या वाहिन्या बंद झाल्याने सूज उतरते आणि काठावरून नवी कातडी सरकायला वाव मिळतो, हा त्यातला बळकट तर्क.

गॉजपट्टी
लेसर आणि औषध या दोघांच्या मध्ये जी गोष्ट सगळे विसरलेत ती मी लिहिते. जखमेची निगा. ती नीट नसेल तर दोन्ही वाया.

शीच्या जागेची जखम घ्या. पुसायला सुगंधी ओले वाइप्स नकोत. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस टेकवायचा, घासायचा नाही. वाळलेली पट्टी कधीही ओढून काढायची नाही. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं भिजवली की आपणहून सुटते. मग न चिकटणारी जाळी किंवा पेट्रोलियम जेलीने माखलेलं गॉज, आणि त्यावर झिंक ऑक्साइडचा जाड थर, केकवर लोणी लावतात तसा, कातडी दिसता कामा नये. पुढच्या वेळी शी लागलेला वरचा थर तेवढा काढायचा, खालचा पांढरा थर राहू द्यायचा. अख्खा थर खरवडून काढणं ही सगळ्यात नेहमीची चूक. रोज नवी जखम होते ती त्याने.

पिवळं दिसलं की पू असतो असं नाही. जखमेच्या तळाची ओलसर पिवळी साय ही बहुधा नुसती लस असते. काठ लाल होऊन पसरतोय, गरम लागतोय, वास येतोय, ताप आहे, तर नमुना तपासायला पाठवतात. किरकोळ जंतूंसाठी वरून मेट्रोनिडॅझोल किंवा म्युपिरोसिन. तोंडाने अँटिबायोटिक सरसकट नाही.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, पट्टी बदलायच्या अर्धा तास आधी. बधिर करणारी मलमं उघड्या जखमेवर जपून. बेंझोकेन आणि प्रायलोकेन यांनी रक्ताची ऑक्सिजन नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. 

रक्त आलं तर घाबरू नका. स्वच्छ कपडा ठेवून बोटाने सलग दहा-पंधरा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. बहुतेकदा तेवढ्यात थांबतं. नाही थांबलं तर दाबूनच दवाखान्यात.

आजीचा_बटवा
हळद लावली तर? जखमेला हळद पूर्वापार आहे.

गॉजपट्टी
भाजीच्या सुरीने कापलेल्या बोटाला लावा हो. या जखमेत पूड रुतते, खपली बनते, खपली सुटताना रक्त येतं. नको.

सोडियमदिवा
गंमत म्हणजे लेसरच्या दृष्टीने हळद निरुपद्रवी आहे. ती निळा प्रकाश शोषते, ४२५ च्या आसपास, पिवळ्याच्या वाटेत येत नाही. खरा खलनायक जांभळं औषध! जेंशन व्हायलेट ५९० च्या आसपास सगळ्यात जास्त शोषतं, म्हणजे बरोब्बर डाय लेसरच्या तोंडावर. जांभळी केलेली जखम लेसरखाली धरली तर सगळी ऊर्जा वरच्या रंगातच जिरणार आणि जखमेचा पृष्ठभाग भाजणार. वाहिनीपर्यंत काही पोचणार नाही. लेसरची तारीख ठरली असेल तर काही दिवस आधीपासून जांभळं औषध बंद.

कातडीबचाव
सोडियमदिवा, शंभर टक्के. पोव्हिडोन आयोडीनचाही तपकिरी थर धुऊन काढावाच लागतो. तसंही तान्ह्या बाळाला ते रोज लावू नये. आयोडीन कातडीतून आत जातं आणि थायरॉइड मंदावतं. झिंकचा पांढरा थर प्रकाश परतवतो, तोही काढायचा, पाण्याने नव्हे तर लिक्विड पॅराफिनच्या बोळ्याने, म्हणजे घासावं लागत नाही.

आता सत्र कसं होतं ते क्रमाने.

बाळाला दुपट्यात गुंडाळून घ्यायचं, एक पाय मोकळा. अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल. दोन मिनिटं आधी २४ टक्के साखरेचं पाणी जिभेवर, एक-दोन मिलिलिटर. एवढ्याशा जखमेला पूर्ण भूल लागत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा लांबलेल्या भुलीबद्दल इशारा दिला, तो असे दहा-पंधरा झटके मारायला भूल देणाऱ्यांनी वाचावा. बधिर करायचं मलम इथे दुहेरी चुकीचं. गॉजपट्टीने धोका सांगितलाच, शिवाय ते वाहिन्या आवळतं, म्हणजे लक्ष्यच फिकं पडतं.

खोलीतल्या सगळ्यांना त्याच तरंगलांबीचे चष्मे, बाळाचे डोळे झाकलेले. डाग पापणीवर असेल तर बुबुळावर धातूची ढाल बसवतात. जखम भिजवून खपली काढायची, रक्त वाहत असेल तर आधी दाबून थांबवायचं. रक्ताचा पातळ पडदासुद्धा प्रकाश गिळतो. ऑक्सिजन चालू असेल तर स्पिरिट, केस, कोरडं गॉज यांना आग लागू शकते, म्हणून भोवती ओलं गॉज.

७ मिलिमीटरचा ठिपका, चौरस सेंटिमीटरला ५ ते ७ ज्यूल, त्यातही जखमेच्या तळावर खालची बाजू. पोर्ट वाइनसाठी वापरतात ते आकडे इथे लावायचे नाहीत. जखमेवर वरची कातडीच नाही, रंगद्रव्याची चाळणी गेलेली, त्यामुळे तेवढ्याच आकड्यात जास्त प्रकाश आत शिरतो. ठिपका १० मिलिमीटरचा केला तर आकडा आणखी उतरवायचा, कारण मोठ्या ठिपक्यातला प्रकाश बाजूला कमी सांडतो. थंड फवारा ३० मिलिसेकंद, मध्ये २०-३० मिलिसेकंदांची उसंत, मग झटका. दोन सेंटिमीटर लांब, दीड रुंद जखम, भोवतालची तीन मिलिमीटरची लाल कड धरून १० ते १५ झटके. सेकंदाला एक. पाव मिनिटात काम संपतं. एका जागी दुसरा झटका मारायचा नाही, कडा जेमतेम एकमेकींवर येतील इतकंच.

लगेच जांभळा-करडा रंग येतो, तो एक ते दोन आठवडे राहतो. कातडी पांढरी पडली किंवा फोड आला तर ऊर्जा जास्त झाली. पुढचं सत्र तीन-चार आठवड्यांनी. दोन, फार तर तीन. तीन सत्रांत जखमेची लांबी-रुंदी हलली नाही तर चौथं मारण्यात अर्थ नाही. निदान किंवा निगा यांत कुठेतरी चूक आहे.

विदाखोर
मान्य, पण तुम्ही सोयीचं तेवढं सांगताय. डाय लेसरनेच नव्याने चिघळल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः चेहऱ्यावरच्या पट्ट्यासारख्या पसरलेल्या आणि अजून वाढत असलेल्या डागांत. आणि सव्वा मिलिमीटरच्या खाली वाढ चालूच राहते. वरून भरलेली जखम खालून पुन्हा फाटते.

कातडीबचाव
सोयीचं नव्हे, क्रमाचं. वाढीच्या जोरात असलेल्या जाड डागावर एकटा लेसर मारू नये, हे तुमचं म्हणणं मीही सही करून देतो. तिथे प्रोप्रॅनोलॉल आधी, आणि तोंड उघडंच राहिलं तर सोबत लेसर.

शेवंती
मूळ प्रश्नाच्या दोन फांद्या राहिल्या. एक, आपल्या सावळ्या कातडीवर काय फरक? दोन, लेसरच्या आधी काही तपासण्या चुकतात का?

कातडीबचाव
सावळ्या कातडीत जखमेचा तळ आणि भोवतालची कड ही दोन वेगळी माणसं समजा. तळात रंगद्रव्य नाही. कडेला आहे, आणि ते रक्ताच्या आधी प्रकाश पळवतं. कडेवर ऊर्जा उतरवायची, झटका थोडा लांबवायचा, थंड फवारा चुकवायचा नाही. तरी महिनोन् महिने फिका किंवा काळा चट्टा राहू शकतो. आणि हे आधीच सांगितलेलं बरं : एकदा चिघळलेल्या डागाचा व्रण जवळपास नेहमी राहतो, लेसर करा वा नका करू. 'लेसरने डाग राहिला' या तक्रारीतला बराच भाग मुळात जखमेचा असतो.

तपासण्या जागेवर ठरतात. कमरेच्या मणक्यावर किंवा बैठकीवर पसरलेला मोठा डाग असेल तर कणा बघायचा. पहिल्या चार-सहा महिन्यांत सोनोग्राफीने दिसतो, हाडं पक्की झाली की एमआरआय लागतो. चेहऱ्यावर पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा पसरट डाग असेल तर प्रोप्रॅनोलॉलच्या आधी मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि हृदय. दाढीच्या जागेवर डाग आणि श्वासाला शिट्टी, तर घसा आजच. अंगावर पाच किंवा जास्त छोटे डाग, तर यकृताची सोनोग्राफी.

खलबत्ता
टिमोलॉलचं राहिलं. तेही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यांत घालायचे ०.५ टक्क्याचे थेंब पातळ, न फाटलेल्या डागावर चोळतात, एक थेंब दोनदा. फाटलेल्या जखमेवर तेच औषध सरळ रक्तात जातं. 'वरून लावायचं आहे, निरुपद्रवी' असं समजून पाच-सहा थेंब ओतले जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात श्वास थांबण्यापर्यंत जाऊ शकतं.

जिरेसाळ
आमच्यासारख्या सामान्यांसाठी : लेसर झाल्यावर घरी काय?

गॉजपट्टी
तेच, जे आधी करत होतात. पेट्रोलियम जेलीचा थर दिवसातून चार-सहा वेळा, कोरडं पडू द्यायचं नाही. हेअर ड्रायरने 'वाळवणं' बंद. दोन दिवसांनंतर रडणं वाढलं, फोड आला, करडी जाड खपली धरली किंवा ताप आला तर दाखवायचं. नुसता जांभळा रंग म्हणजे बिघाड नव्हे.

मालीशवाल्या मावशींना आधीच सांगा. त्या भागावर तेल नाही, डाळीचं पीठ नाही, शेक-धुरी नाही. सुती लंगोट ओला झाला की ओलाच चिकटून राहतो, म्हणून जखम भरेपर्यंत शोषून घेणारा डायपर बरा, तोही एक माप मोठा, कडेचं रबर जांघेतल्या जखमेवर येणार नाही असा. आणि करदोडा! कमरेचा काळा दोरा ओला होऊन नेमका जांघेच्या डागावर घासतो. दवाखान्यात लेसरच्या आकड्यांवर तासभर चर्चा होते आणि तो दोरा तसाच राहतो. कापून टाका.

आजीचा_बटवा
करदोडा कापायचा? दृष्ट लागली म्हणजे?

गॉजपट्टी
जखम भरेपर्यंत आजीच्या मनगटाला बांधा.